नऊ बागा आणि एक सुई

माझा दादा तीस वर्षं रोज सायकल चालवत होता आणि तेवढ्या वर्षांत हातभरसुद्धा पुढे गेला नव्हता. आधी हे लिही. म्हणजे पुढे जे झालं ते केवढं होतं ते वाचणाऱ्याला कळेल.

तो धारवाला होता. चाकू, सुऱ्या, कात्र्या, खाटकाचे सत्तूर, न्हाव्याचे वस्तरे. सायकल गल्लीच्या तोंडाशी न्यायची, स्टँड ओढायचं, की मागचं चाक अधांतरी. त्या चाकावरून चामड्याचा पट्टा पुढे दांडीवरच्या दगडाला गेलेला. दादा सीटवर बसून पायडल मारायचा, दगड गरगर फिरायचा, ठिणग्या उडायच्या. संध्याकाळपर्यंत किती पायडल मारली असतील देव जाणे, आणि माणूस तिथल्या तिथे. तू त्याला धारवाले आजोबा म्हणायचीस. त्याची हाक तुला आठवत असेल, 'धाऽऽर लावायची का, धाऽऽर'. तीन गल्ल्या ऐकू जायची.

एका गल्लीतून दुसरीकडे जाताना मात्र तो सायकल हाताने ढकलत न्यायचा. लोकांना वाटायचं, दगडाचं ओझं आहे म्हणून. तसं काही नव्हतं. तो त्रेचाळीस-चव्वेचाळीसचा असताना एका वळणावर ट्रकचा मागचा कोपरा त्याच्या हँडलला लागला. दादा खाली पडला आणि ट्रकचं चाक त्याच्या डोक्यापासून एवढ्या अंतरावरून गेलं, हे बघ, माझ्या या दोन हातांमध्ये आहे ना तेवढं. पाय मोडला, तीन महिने प्लॅस्टरमध्ये होता. पाय बरा झाला, पण त्याने जी हाय खाल्ली ती खाल्लीच. त्यानंतर अकरा वर्षं तो चालत्या सायकलवर बसला नाही. हे फक्त घरात माहीत होतं. तो कुणाला सांगायचा नाही आणि आम्ही पण तोंडाला कुलूप लावून होतो.

आता वहिनी. वहिनी काजं करायची. शर्टाची काजं, हाताने. शिंप्यांकडून गठ्ठा यायचा, ती खिडकीत बसून दिवसाला दोनशे-दोनशे काजं काढायची, एक टाका वर नाही की खाली नाही. मग एका वर्षी सुई हातातून पडायला लागली. आधी आम्ही म्हटलं, डोळे अधू झाले असतील. मग कप पडायला लागला. मग चपलेचा अंगठा पायात राहीना. मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथे एक डॉक्टरीणबाई होत्या, बारीक अंगाच्या, बोलायला एकदम सरळ. त्यांनी लांबलचक नाव सांगितलं दुखण्याचं. हातापायातला जोर हळूहळू जातो म्हणे, आणि यावर औषध अजून कुणाला सापडलेलं नाही.

पण त्या बाई त्याच दुखण्यावर संशोधन करत होत्या. त्यांना अशा माणसांच्या पाठीच्या कण्यातलं थोडं पाणी हवं होतं, तपासायला. पाठीत सुई घालून काढतात. त्यांनी खोटं काही सांगितलं नाही. म्हणाल्या, याने तुम्ही बऱ्या होणार नाही. तुमच्यानंतर ज्यांना होईल त्यांच्या कामाला येईल कदाचित. तुमच्यासारखी माणसं फार थोडी सापडतात, म्हणून विचारते.

वहिनी नाही म्हणाली. जिने आयुष्यभर सुई हातात धरली ती बाई सुईला घाबरत होती. तिच्या धाकट्या बहिणीला बाळंतपणात पाठीत सुई दिली होती आणि ती बिचारी वर्षभर कंबर धरून होती, ते हिच्या डोक्यात बसलं होतं. पण तिची मुलगी, म्हणजे तुझी आत्या, दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन गेलेली. हे दुखणं आईकडून मुलीकडे येतं की नाही, हेसुद्धा डॉक्टरांना नक्की माहीत नव्हतं. त्या पाण्यातूनच कधीतरी ते कळायचं होतं. दादाला रात्रंदिवस तोच घोर. वहिनीला पण होता. तरी बाई हलेना. हॉस्पिटलचं नाव काढलं की उठून मोरीत जायची आणि नळ सोडायची.

तेवढ्यात ती सायकलची गोष्ट निघाली. त्या संशोधनासाठीच हॉस्पिटलवाल्यांनी ठेवली होती. एका रविवारी गावातल्या नऊ बागा सायकलवरून पुऱ्या करायच्या, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. प्रत्येक बागेत टेबल मांडलेलं, तिथे गळ्यातल्या कार्डाला एक भोक पाडून देणार. नऊ भोकं पडली तर पुरं. ओळखीच्या लोकांनी शब्द द्यायचा, पुरं केलंस तर संशोधनाला अमुक रुपये देईन. दादाने तो कागद घरी आणला तो नुसता दाखवायला. म्हणाला, बघ, तरणी पोरं कशी कामाला लागलीत, आणि तू एका सुईला भितेस.

वहिनीने कागद बघितला. मी तिथेच होते, भाजी चिरत. ती म्हणाली, "तुम्ही जा की मग."

दादा हसला. म्हणाला, मी कसला जातो.

"का? पायडल तर रोज मारता." मग तिने कागद खाली ठेवला. "तुम्ही रस्त्यावरून नऊ बागा करून या. मी सुई घेते. त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी. वन्सं साक्षीला आहेत."

खोलीत असं चिडीचूप झालं की मला चाकू टेकवायचा पण धीर होईना. दोघांनी एकमेकांच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं होतं.  जेवला नाही. सकाळी उठून हॉस्पिटलात गेला आणि नाव देऊन आला.

गिऱ्हाइकांना कळलं तेव्हा काय चेष्टा. खाटीक म्हणाला, नऊ बागांत नाकी नऊ येतील, दहावी बाग आमच्या दुकानामागे आहे, तिथे येऊन झोप. न्हावी म्हणाला, स्टँड वर करायला विसरू नकोस म्हणजे झालं. पण शब्द सगळ्यांनी दिला. दादाने दगड उतरवला, पेटी उतरवली, पट्टा गुंडाळून खिशात ठेवला. चेनला तेल, चाकात हवा, घंटी नवी. चार दिवस पुसत होता सायकल. मी म्हटलं, दादा, रंगवतोस का आता?

मी आणि वहिनी मागून गाडीत गेलो. तुझा बाप, म्हणजे माझा मुलगा, तेव्हा धोब्याच्या कारखान्यात गाडी चालवायचा, कपडे पोचवायची. रविवारची गाडी मोकळी असायची, मालकाला विचारून आणली. मागे सगळे हँगरच हँगर, वळण आलं की खणखणाट. वहिनी पुढे दाराशी, मी मधे. ती आधीच म्हणाली होती की स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी मानणार नाही.

सकाळी पहिल्या बागेच्या फाटकाशी दोनशेक सायकली. सगळ्या बारीक, हलक्या, कमानीसारख्या वाकलेल्या, आणि मधे आमचा काळा घोडा. पिवळं जाकीट घातलेला एक माणूस रांगेतून सायकली तपासत होता. दादाचं टायर दाबलं, घंटी वाजवली, विचारलं, ब्रेक आहेत ना? दादाने हँडलवरची दांडी दाबून दाखवली, दांडी हलली. पिवळं जाकीट पुढे गेलं. तो कुठे वाकून बघतोय, मागे दोनशे माणसं.

पहिली बाग नीट झाली. बागेतला रस्ता सपाट, झाडांमधून, गाड्या नाहीत. दादा हळू चालला होता पण चालला होता. लंगडं वासरू पहिल्यांदा उठावं तसा तोल जात होता, आणि मला रडूच फुटायला लागलं. पहिलं भोक पडलं. मग बागेचं फाटक आलं, पलीकडे रस्ता, आणि दादा खाली उतरला. सवयीने. उतरला आणि ढकलत चालायला लागला.

वहिनी म्हणाली, "उतरले." बस, एवढंच. तुझ्या बापाने गाडी हळू केली. दादा फूटपाथच्या कडेने चालतोय, बाकीचे सायकलवाले सुर्रकन त्याच्या बाजूने निघून चाललेत, कुणी हात दाखवतोय. तसा तो दुसऱ्या बागेपर्यंत चालतच गेला. आणि तिसरीपर्यंत पण. बागेत बसायचा, रस्त्यावर उतरायचा. तिसऱ्या टेबलावर पोचला तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. तिथे मी उतरून त्याला केळं दिलं आणि म्हटलं, दादा, अशाने संध्याकाळपर्यंत सहा पण होणार नाहीत, आणि ती मोजतेय. रस्त्यावरून, असं ठरलंय.

तो म्हणाला, "मला माहितीये गं." केळं अर्धं खाल्लं, अर्धं मला परत दिलं.  मग फाटकातून बाहेर पडला तो सीटवर बसूनच.

मी खोटं सांगणार नाही, मी डोळे मिटून घेतले होते. तुझा बाप म्हणाला, आई, बघ, चाललाय मामा. कडेकडेने, मागे ट्रकचा आवाज आला की खांदे कानापर्यंत वर जायचे, पण चालला होता. चौथी झाली. पाचवी झाली. तिथे घड्याळात एक वाजायला दहा मिनिटं होती, म्हणजे उशीर झाला होता पण गेलेली वेळ नव्हती. तेव्हा दादाला जरा हुरूप आला. पाचवीतून निघाला तो जोरात निघाला. शीळ घालत होता म्हणे.

आता सहावी बाग. तू बघितली नाहीस, ती टेकडीवर आहे. फाटक वर, मधे लांब उतार, आणि खाली तळं. तळ्याच्या कडेला बाकं, म्हातारी माणसं, बाबागाड्या घेऊन बायका. रविवार ना. आम्ही गाडी वरच लावली आणि कठड्याशी उभे राहिलो. दादा आमच्यासमोरून उतारावर लागला. सुरुवातीला बरं वाटलं. मग मला कळेना हा एवढा वेगाने का चाललाय.

ब्रेक नव्हते.

हे आम्हाला नंतर समजलं, आणि त्याला स्वतःलासुद्धा तिथेच समजलं. हँडलपासून चाकापर्यंत ज्या सळया जातात ना, त्या दादानेच काढून टाकल्या होत्या, त्या ट्रकनंतर कधीतरी, पट्ट्याच्या आड येतात म्हणून. हँडलवरच्या दांड्या राहिल्या, त्यावर तो फडकं अडकवायचा. सायकल स्टँडवर असते किंवा हातात असते. ब्रेक कशाला लागतो? चार दिवस सायकल पुसली, प्रत्येक आरा पुसला, आणि जे नाहीच ते पुसायचं त्याच्या ध्यानात आलं नाही. सकाळपासून एवढा हळू चालला होता की पाय टेकला की काम व्हायचं.

त्याने मला सांगितलं, मी पायडल मारायची थांबवली आणि चाक थांबायची वाट बघितली. थांबेना. मग उजवा हात खाली दाबला. धारवाले दगड हळू करायला पातं दाबतात, तसा हवेत हात दाबला. एका हाताने हँडल, दुसरा हात हवेत, आणि खाली त्या बायका आणि बाबागाड्या.

आणि मग त्याने आरोळी ठोकली. माणूस 'सरका' म्हणेल, 'बाजूला' म्हणेल. याच्या घशातून तीस वर्षांचीच हाक निघाली. "धाऽऽर! धाऽऽर!" सगळी बाग वळून बघायला लागली. बाबागाड्या ओढल्या गेल्या, एक आजोबा काठी टाकून बाकावर चढले. दादा त्या सगळ्यांच्या मधून गेला, तळ्याच्या अलीकडे माळ्याने पाचोळ्याचा ढीग घातला होता त्यात घुसला, आणि सायकल एकीकडे, दादा एकीकडे.

 वहिनी कठडा धरून उभी होती, ओठ पांढरे पडलेले, पण जागची हलली नाही. तुझा बाप धावत खाली गेला. मी बसत-उठत पायऱ्या उतरले.

दादा ढिगात बसला होता. डोक्यावर पानं, डावं मनगट सुजलेलं, कोपर सोललेलं. पहिलं काय विचारलं असेल? कुणाला लागलं का? कुणाला लागलं नव्हतं. एक नर्स आली, तिने मनगट बांधून दिलं. आणि तिच्यामागून पिवळं जाकीट आलं, तेच सकाळचं. त्याने यावेळी वाकून बघितलं. म्हणाला, काका, बिनब्रेकची सायकल मी रस्त्यावर सोडू शकत नाही. तुम्ही आमच्या गाडीत बसा. कार्ड द्या.

त्याचं चुकलं नव्हतं काही. मी असते तरी तेच म्हटलं असतं. दादाने कार्डावर हात ठेवला तो काढेना.

मी परत वर गेले. कशी गेले माझं मला माहीत. वहिनीला म्हटलं, वहिनी, आता सोड त्याला. म्हण की पुरे झालं. हात मोडायचा बाकी आहे. पाच बागा केल्यात, रस्त्यावर बसलाय तो अकरा वर्षांनी, अजून काय पाहिजे तुला? मी चिडले होते, बाळा. मला ती त्या क्षणी कसाई वाटत होती.

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी म्हटलं तर ते थांबतील, वन्सं. आणि मग उद्या मी पण जाणार नाही. मला माहितीये ना मी कशी आहे. मला काहीतरी निमित्त सापडायचीच वाट आहे."

 ती म्हणाली, मला खाली न्या. मी तिचा दंड धरला आणि आम्ही दोघी एकेक पायरी करत उतरलो. तिला खाली न्यायला किती वेळ गेला असेल, आणि तो सगळा दादाचा वेळ जात होता.

खाली पोचलो तर दादा सायकलीजवळ उकिडवा बसलेला. पुढच्या चाकाचे ब्रेकचे गुटके होते जागेवर, रबराचे, कडक झालेले पण होते. नव्हती ती फक्त सळई. तो पिवळ्या जाकिटाला म्हणत होता, मला अर्धा तास द्या, थांबली नाही सायकल तर कार्ड घ्या. पिवळं जाकीट म्हणालं, सळई कुठून आणणार इथे?

तुझा बाप माझ्याकडे बघायला लागला आणि मी त्याच्याकडे. तो जो पळाला वर, तो हँगरांचा ढीग घेऊनच आला. लोखंडी तारेचे हँगर, धोब्याचे. दादाने तीन हँगर सरळ केले, तिन्ही तारा एकत्र पिळायच्या होत्या. पण त्याचं डावं मनगट गेलेलं. गाडीतली पकड उजव्या हातात, दुसरं टोक कोण धरणार? तुझ्या बापाने धरलं तर ते फिरायचं. वहिनीने चप्पल काढली, तारेच्या टोकावर पाय ठेवला आणि माझ्या खांद्यावर रेलली. सगळं वजन त्या पायावर. हातात जोर नव्हता पण वजन तर होतं. दादा पिळत गेला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. तशा दोन सळया पिळल्या, दांडीला अडकवल्या, खाली गुटक्याला अडकवल्या, खिशातला चामड्याचा पट्टा कापून गुटक्याखाली पाचर मारली.

पिवळ्या जाकिटाने स्वतः सायकल उतारावर नेली. दोनदा धावत खाली आला आणि दांडी दाबली. पहिल्यांदा घसरली. दादाने तार अजून एक पीळ आवळली. दुसऱ्यांदा चाक किर्रर्र करून थांबलं. पिवळ्या जाकिटाने गुटका बोटाने चाचपून बघितला. मग म्हणाला, उतार लागला की उतरायचं, कबूल? दादा म्हणाला, कबूल. सहावं भोक पडलं. तेव्हा पावणेतीन वाजले होते.

सातवी कशी झाली सांगता येणार नाही, मी घड्याळच बघत होते. एका हाताने चालवत होता तो, डावा हात छातीशी धरून. आठवीला चार वाजून वीस मिनिटं. टेबलावरच्या मुलीने पाणी दिलं ते त्याने मनगटावर ओतलं. पुढे एकच बाग राहिली होती, अंतर काही फार नव्हतं. पण मधे तो मोठा चौक होता, जिथून मालाचे ट्रक जातात.

दादा चौकाच्या कडेला येऊन थांबला. एक पाय फूटपाथवर. हिरवा दिवा लागला. तो गेला नाही. लाल झाला. परत हिरवा झाला. आम्ही त्याच्या मागेच होतो, आणि आमच्या मागच्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या. तुझा बाप म्हणाला, मामी, मी मामाला उचलून गाडीत घालू का? तिसऱ्यांदा हिरवा झाला, ट्रक वळले, दादाची पाठ दगडासारखी. मला मागून दिसत होतं, त्याचा सदरा सगळा घामाने चिकटला होता.

वहिनीने दार उघडलं. मी धरायच्या आत उतरली पण. एक पाय ओढत त्याच्यापर्यंत गेली आणि फूटपाथवर त्याच्या बाजूला उभी राहिली. काचा खाली होत्या, मला स्पष्ट ऐकू आलं.

"मी इथे उभी आहे," ती म्हणाली. "तुम्ही पलीकडे गेलात की मी गाडीत बसते."

दादा म्हणाला, "तुला एवढं उभं राहवत नाही."

"नाही ना राहवत. मग जा लवकर."

तिचा गुडघा थरथरत होता, मला इथून दिसत होतं. धरायला खांब नव्हता तिथे. दादाने तिच्याकडे बघितलं, दिव्याकडे बघितलं. चौथ्यांदा हिरवा लागला आणि त्याने पायडल मारली. एक ट्रक त्याच्या उजवीकडून वळला, क्षणभर दादा दिसेनाच. वहिनीच्या तोंडून बारीकसा आवाज आला. मग ट्रक गेला आणि मागे तो काळा घोडा दिसला, डुगडुगत, पलीकडच्या कडेला लागताना. तोवर मी उतरून तिला धरली होती. सगळी माझ्या अंगावर आली ती.

नवव्या बागेत टेबल आवरत होते. खुर्च्या एकात एक घातल्या होत्या. पाचाला आठ मिनिटं कमी. दादाने कार्ड पुढे केलं, त्या माणसाने खोक्यातून भोकं पाडायचं यंत्र परत काढलं आणि नववं भोक पाडलं. टाळ्या वाजवायला कुणी उरलं नव्हतं, आणि आम्हाला सुचलं पण नाही.

दादा तसाच गाडीपाशी आला आणि कार्ड वहिनीच्या मांडीवर ठेवलं. तिने प्रत्येक भोकावर बोट ठेवत मोजलं. नऊ झाल्यावर परत पहिल्यापासून मोजलं. मग तिचा चेहरा उतरला.

"आता मला जावंच लागणार," ती म्हणाली.

दादा म्हणाला, "नको वाटत असेल तर बोल. मी कुणाला काही सांगणार नाही."

तो हे मनापासून म्हणत होता. आणि ती बराच वेळ गप्प होती. सगळा दिवस एकीकडे आणि तो वेळ एकीकडे. कारण ती नाही म्हणाली असती तर त्याने खरंच एक शब्द काढला नसता. शेवटी ती म्हणाली, घरी चला, आंघोळ करायचीय, उद्या हॉस्पिटलात घाणेरडी जाणार नाही मी.

सोमवारी आम्ही तिघं गेलो. डॉक्टरीणबाईंनी परत सगळं समजावलं, कागद पुढे ठेवला. म्हणाल्या, सही जमत नसेल तर अंगठा चालेल. वहिनी म्हणाली, सही करते. पेन बोटांत राहीना, तर तिने ते मुठीत धरलं. तिचं नाव पाच अक्षरांचं. एकेक अक्षर काढताना थांबत होती, हात झटकत होती. दोन अक्षरांनंतर पेन खाली पडलं. आम्हाला वाटलं आता संपलं. डॉक्टरीणबाईंनी उचललं आणि परत दिलं. बाहेर रांग होती, पण त्यांनी तिला घाई केली नाही. पुरी पाच अक्षरं झाली, शेवटचं कागदाच्या बाहेर गेलं.

दादाला बाहेर बसवला. मला आत राहू दिलं. वहिनीला कुशीवर झोपवली, गुडघे पोटाशी घ्यायला लावले, पाठ उघडी केली. पाठीवर काहीतरी गार लावलं तशी ती म्हणाली, झालं का? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अहो, अजून सुरूच केलं नाही. त्या हसल्या, मी हसले, वहिनी नाही हसली.

मग त्यांनी सांगितलं, आता अजिबात हलायचं नाही. वहिनीने माझा हात घेतला. घेतला म्हणजे काय, तिची बोटं वाकत नव्हती, माझ्या हातावर नुसता हात ठेवला. डोळे उघडे ठेवून भिंतीकडे बघत होती. सुई आत गेली तेव्हा मी मान फिरवली. ती हलली नाही.